यादीत नाही म्हणून शेतात नाही?



कागदाचा अर्ज होता तेव्हा तो लिहिता येत होता. पीक कोणते, तर कपाशीत तूर. बँक कोणती, तर पासबुकावर छापली आहे ती. लिहिताना चूक झाली तर साहेब ती खोडत, शेजारी सही करीत आणि अर्ज पुढे जाई. आता अर्ज पडद्यावर आला आहे. त्यात लिहायचे थोडे आणि निवडायचे फार. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, हंगाम निवडा, पीक निवडा, बँक निवडा, शाखा निवडा. प्रत्येक चौकटीवर बोट ठेवले की खाली एक यादी उलगडते. संगणकवाले तिला ड्रॉपडाउन म्हणतात. त्या यादीत जेवढे आहे तेवढेच जगात आहे, असे धरून तो अर्ज चालतो. यादीत तुमचे गाव नसेल तर तुम्ही बिनगावाचे. यादीत तुमचे पीक नसेल तर तुमचे रान पडीक.

मग सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, “काका, सिस्टीम घेत नाही. जवळचं काहीतरी टाकतो.” रांगेत मागे पन्नास माणसे, वीज जाण्याची धास्ती, शेवटची तारीख डोक्यावर. आपण मान हलवतो. तेवढ्या एका होकाराने पुढे काय काय होते, आणि ती यादी मुळात चुकतेच कशी, हे समजून घेण्यासाठी या अंकाचे हे पान आहे. विषय संगणकाचा असला तरी अवघड नाही. सातबारा वाचता येणाऱ्याला तो सहज कळेल.

यादी हवीच कशाला?

पहिला प्रश्न कोणीही विचारील. ही यादी काढून टाका आणि आम्हाला लिहू द्या, असे का म्हणू नये? म्हणू नये, कारण त्यात आपलेच नुकसान आहे. एका पिकाला आपण किती नावांनी हाक मारतो ते आठवा. कुठे कापूस, कुठे कपाशी, कुठे पऱ्हाटी, आणि काही ठिकाणी सरळ सरकीच म्हणतात. ज्वारीचे तसेच. कोणी जोंधळा म्हणतो, रब्बीची असेल तर शाळू, वाण सांगायचा असेल तर मालदांडी. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यात खरिपाच्या ज्वारीचे नावच ‘हायब्रीड’ पडले. प्रत्येकाने आपल्या बोलीत लिहिले तर एका तालुक्यात ज्वारी किती हेक्टर, याची बेरीज कोणालाच करता येणार नाही. बेरीज नाही तर नुकसानीचा हिशेब नाही, आणि हिशेब नाही तर भरपाई नाही.

तेव्हा यादी ही आपली वैरीण नव्हे. मुद्दा एवढाच की ती यादी खरी असली पाहिजे, ताजी असली पाहिजे आणि ती ज्या दप्तरातून आली त्या दप्तराशी तिचा मेळ रोजच्या रोज बसला पाहिजे.

मूळ आणि नक्कल

संगणकाच्या पोटात जे दप्तर असते त्याला डेटाबेस म्हणतात. त्यात तक्ते असतात. जिल्ह्यांचा एक तक्ता, गावांचा एक, पिकांचा एक, बँकशाखांचा एक. पडद्यावर उलगडणारी यादी ही त्या तक्त्याची नक्कल. तहसिलीत नक्कल घेताना आपण काय पाहतो? ती मुळाबरहुकूम आहे का, आणि तिच्यावर तारीख कोणती आहे. पडद्यावरच्या यादीला हेच दोन प्रश्न विचारायचे.

ही नक्कल तीन तऱ्हांनी तयार होते. पहिली तऱ्हा अशी की अर्ज बनवणारा माणूस ती नावे अर्जातच हाताने टंकून ठेवतो. काम पटकन उरकते. पण मुळात बदल झाला की ही नक्कल तशीच राहते. ती बदलण्यासाठी कोणालातरी आठवण व्हावी लागते, आणि आठवण बहुधा तक्रार झाल्यावरच होते. दुसरी तऱ्हा अशी की अर्ज उघडला की यादी त्या क्षणी मूळ तक्त्यातून वाचून येते. मूळ बदलले की यादी आपोआप बदलते. तिसरी तऱ्हा मोबाइलच्या अ‍ॅपची. शेतात रेंज नसते, म्हणून अ‍ॅप यादी बरोबर बांधून घेऊन येते. ही शिदोरी कोणत्या दिवशी बांधली ते अ‍ॅपने पाहिले नाही, रेंज मिळाल्यावर ताजी यादी मागितली नाही, तर गेल्या वर्षीच्या शिळ्या यादीवर यंदाच्या पिकाची नोंद होते.

आपल्या अर्जांचे दुखणे वाढते ते आणखी एका कारणाने. विम्याची यादी एकीकडे, पीकपाहणीची दुसरीकडे, अनुदानाची तिसरीकडे, बँकेची चौथीकडे. एकाच गावाची चार दप्तरांत चार स्पेलिंगे. माणूस एक, शेत एक, पीक एक, पण संगणकाच्या लेखी ते चार निराळे. मग दोन याद्या ताडून पाहिल्या की ‘माहिती जुळत नाही’ असा शेरा येतो आणि अर्ज बाजूला पडतो. २०१७ सालच्या कर्जमाफीत सरकारने शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज भरून घेतले, बँकांकडून याद्या मागवल्या, आणि त्या दोहोंचा मेळ घालण्यात महिने गेले. २०१९ च्या अखेरीस दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली तेव्हा शेतकऱ्याचा अर्जच काढून टाकला. बँकांनी खात्यांच्या याद्या द्यायच्या आणि शेतकऱ्याने आधारचा अंगठा देऊन खात्री करायची, अशी रीत ठेवली. दोन याद्या जुळवण्यापेक्षा एका यादीवर काम करणे सोपे, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

दप्तर स्थिर राहत नाही

कोणी म्हणेल, गाव आणि जिल्हे काय रोज बदलतात? रोज नाही, पण बदलतात खरे. १९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम आणि धुळ्यातून नंदुरबार निघाले. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर. २०११ च्या जनगणनेवरून कोणी जिल्ह्यांची यादी उतरवून घेतली असेल तर तिच्यात ३५ च नावे भरतील. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर. आपला तलाठीसुद्धा आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी झाला आहे.

बँकांचे तर विचारू नका. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन या युनियनमध्ये, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत मिळाली. विदर्भातल्या ग्रामीण बँकेच्या खातेदाराने तर नावांची पाटीच बदलताना पाहिली. विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक आणि वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक मिळून २०१३ साली विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली, आणि १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. शाखा त्याच इमारतीत, शिपाईही तोच, खाते आपलेच. पण पैसे ज्या आयएफएससी कोडवर येतात तो अकरा अक्षरांचा कोड बँकेच्या नावाने सुरू होतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची. बँक बदलली की कोड बदलतो. २०१९ आणि २०२० च्या विलीनीकरणांतले जुने कोड २०२१ सालात टप्प्याटप्प्याने बंद झाले. अर्जाच्या यादीत जुनीच बँक राहिली असेल तर मंजूर झालेला पैसाही वाटेतून परत फिरतो.

पिकांच्या यादीत तर दर हंगामाला फेरबदल असतो. विम्यासाठी कोणते पीक कोणत्या महसूल मंडळात अधिसूचित आहे, हे सरकार हंगामागणिक ठरवते. रब्बी ज्वारी जिरायत आणि रब्बी ज्वारी बागायत या तिथे दोन वेगळ्या ओळी असतात, त्यांची विमा रक्कम वेगळी असते. यादीत एक ओळ वर किंवा खाली बोट पडले की कोरडवाहूचा बागायतदार होतो.

सातबाऱ्याने शिकवलेले शहाणपण

आता उपाय. तो परदेशातून आणायला नको, आपल्या गावच्या दप्तरातच आहे.

शेताला लोक नाव देतात. कोणाचे बाभळीचे शेत, कोणाचा माळ, कोणाचा पाणंदीचा तुकडा. बाभूळ तोडली तरी नाव राहते, किंवा नवा मालक नवे नाव देतो. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावाला जागा आहे, पण व्यवहार चालतो तो गट क्रमांकावर. नाव बदलले तरी गट तोच. संगणकाच्या यादीतही असेच हवे. पडद्यावर माणसाला नाव दिसावे, पण आत दप्तरी नोंद कोडची व्हावी. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची एलजीडी नावाची निर्देशिका आहे. तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला कोड दिलेला आहे. सगळ्या खात्यांनी गाव ओळखण्यासाठी हाच कोड धरला तर स्पेलिंगचे भांडण मिटते. ‘बुद्रुक’ लिहा की ‘बु.’ लिहा, गाव एकच.

कोड न ठेवता यादीतला अनुक्रम ठेवला तर काय होईल, याचे एक उदाहरण घ्या. मराठी अक्षरक्रमाने जिल्हे मांडले तर पूर्वी अकोला पहिला, अमरावती दुसरा, अहमदनगर तिसरा, उस्मानाबाद चौथा, औरंगाबाद पाचवा आणि कोल्हापूर सहावा येत असे. नावे बदलली. उस्मानाबाद उठून ‘ध’ मध्ये गेला, औरंगाबाद ‘छ’ मध्ये. आता चौथा कोण? कोल्हापूर. ज्या दप्तरात ‘जिल्हा क्रमांक ४’ एवढेच लिहून ठेवले असेल तिथला उस्मानाबादचा कोरडवाहू शेतकरी एका रात्रीत कोल्हापूरचा ऊसवाला होऊन बसेल. कोणी खोटे लिहिले नाही, कोणी खोडले नाही. फक्त यादी हलली.

दुसरे शहाणपण फेरफाराचे. वडील गेले, वारस लागले, तर तलाठी जुने नाव रबराने पुसत नाही. त्याला कंस करतो, शेजारी फेरफार क्रमांक टाकतो आणि नवे नाव लिहितो. पन्नास वर्षांनी कोणीही सांगू शकतो की अमुक सालापर्यंत जमीन कोणाच्या नावे होती आणि ती का बदलली. संगणकाच्या यादीतले नाव बाद करायचे असेल तर असाच कंस करावा. ओळ खोडू नये. ‘अमुक तारखेपासून चालू, अमुक तारखेपर्यंत चालू’ असे दोन रकाने ठेवावेत. नवा अर्ज भरणाऱ्याला आजची चालू नावे दिसतील. पण १९९७ साली ‘जिल्हा अकोला, तालुका वाशिम’ अशी केलेली नोंद त्या दिवशी खरीच होती, ती खोटी ठरू नये.

तिसरे शहाणपण एकत्रीकरणाचे. १९४७ च्या कायद्याखाली ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट आले. तिथे जुना नंबर कोणत्या गटात गेला हे सांगणारा कागद नसेल तर काय हाल होतात, ते अशा गावांतल्या लोकांना सांगायला नको. यादीतले बदलही तीन जातींचे असतात. नुसता नावबदल, जसे उस्मानाबादचे धाराशिव. तिथे कोड तोच ठेवायचा. वाटणी, जसे परभणीतून हिंगोली. तिथे नवा कोड आणि कोणती गावे गेली त्याची यादी. आणि एकत्रीकरण, जसे दोन बँकांची एक बँक; तिथे जुन्या कोडपुढे नव्याचा निर्देश. तिन्हींना एकाच मापाने मोजले, सरसकट जुने पुसून नवे लिहिले, की गोंधळ झालाच समजा.

संगणकशास्त्रालाही हे ठाऊक आहे. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या दप्तराचा सिद्धांत मांडला. आजचे बहुतेक डेटाबेस त्यावरच उभे आहेत. त्यात एक साधा नियम आहे. एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या कोडकडे बोट दाखवीत असेल तर तो कोड तिथे असलाच पाहिजे. अर्जात पीक क्रमांक ३२ लिहिले असेल तर पिकांच्या तक्त्यात ३२ नंबरची ओळ हवीच. हा नियम डेटाबेसला सांगून ठेवला की कोणी वापरातली ओळ खोडू लागला तर डेटाबेस स्वतःच हात धरतो. नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. तो पाळायचा की नाही, हा दप्तर चालवणाऱ्याचा प्रश्न आहे.

गुपचूप होणारी चूक

सर्वांत घातकी चूक मात्र दिसतच नाही. तुमचा जुना अर्ज दुरुस्तीसाठी उघडला. त्यात बँक जुनी आहे आणि आजच्या यादीत ती बँक नाही. चौकटीला जुनी किंमत सापडत नाही, तेव्हा ती यादीतली पहिली ओळ दाखवते. मोबाइल नंबर बदलायला आलेला माणूस बँकेच्या चौकटीकडे पाहतही नाही. तो खाली ‘जतन करा’ दाबतो. झाले! बँक बदलली. जिल्ह्याच्या चौकटीत असेच झाले तर अक्षरक्रमाने पहिला येतो अकोला, आणि अकोल्याच्या माथी कोणाकोणाचे अर्ज बसतील याचा नेम नाही. म्हणून यादीची पहिली ओळ नेहमी ‘निवडा’ अशी कोरी असावी. कोरी राहिली तर अर्ज पुढे जाऊ नये. आणि जुनी नोंद उघडली तर तिच्यातले बाद झालेले नावही ‘आता बंद’ अशा खुणेसह दिसावे, म्हणजे माणूस जाणूनबुजून नवे निवडील.

तसेच जिल्ह्यावरून तालुका आणि तालुक्यावरून गाव अशा साखळी याद्यांचे. वरची कडी बदलली तर खालच्या कड्या कोऱ्या व्हायला हव्यात. नाहीतर जिल्हा नवा आणि तालुका जुना अशी सोयरीक जमते.

आणि एक. अर्ज सकाळी दहाला उघडला, यादी अकराला बदलली, अर्ज बाराला पाठवला, असेही घडते. म्हणून अर्ज आल्यावर मुख्य संगणकाने पुन्हा एकदा तपासावे. तपासणीत बसले नाही तर ‘त्रुटी क्रमांक अमुक’ असे गूढ वाक्य फेकू नये. ‘तुम्ही निवडलेली शाखा अमुक तारखेला अमुक शाखेत मिळाली आहे, ती निवडा’ असे माणसाच्या भाषेत सांगावे.

खोटे कोण बोलले?

हे सारे बारीकसारीक वाटेल. पण त्याच्या पोटात एक मोठी गोष्ट दडली आहे. प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ असते. ‘वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन.’ खाली आपला अंगठा किंवा ओटीपी. यादीत कपाशीत तुरीचे मिश्र पीक दाखवायला जागा नाही म्हणून तुम्ही निर्भेळ कपाशी निवडली. यादीत तुमची वाडी नाही म्हणून शेजारचे गाव निवडले. उद्या तपासणीत तफावत निघाली तर खोटे कोण बोलले? यादी करणारा नाही. यादीने शेतकऱ्याच्या तोंडी खोटे घातले आणि सही मात्र शेतकऱ्याची घेतली.

पैशाचे गणितही लहान नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरीप अन्नधान्याला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के असा आहे. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात विमा होता, तेव्हा चुकीचे पीक पडले तरी भरताना कळत नसे. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली आणि हिस्सा पुन्हा खिशातून जाऊ लागला. समजा कापसाची विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे. ५ टक्क्यांनी २,५०० रुपये झाले. समजा ज्वारीची ३०,००० आहे. २ टक्क्यांनी ६०० रुपये. बोट एका ओळीने चुकले तर भरण्यात १,९०० रुपयांचा फरक. आणि बोंडअळीने कपाशी गेली तर कागदावर ज्वारी उभी! पीकपाहणीत कपाशी आणि विम्यात ज्वारी, म्हणजे दावा फेटाळायला कारण तयार. यादीतल्या एका ओळीची किंमत ही अशी असते.

सेवा केंद्रातल्या पोराला दोष देऊ नका. यादी त्याने केलेली नाही. तोही आपल्याच घरचा आहे आणि शिव्या मात्र तोच खातो.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायच्या मागण्या

येत्या बैठकीत पुढील गोष्टींवर चर्चा करून ठराव करावा, असे आम्ही सुचवतो.

१. गाव, पीक आणि बँकशाखा यांचे मूळ दप्तर प्रत्येकी एकच असावे. प्रत्येक खात्याने आपली यादी तिथूनच वाचावी, हाताने टंकू नये.

२. नोंद कोडने व्हावी, नाव फक्त दाखवण्यासाठी असावे. पावतीवर मात्र नाव आणि कोड दोन्ही छापावेत.

३. यादीतले काहीही खोडू नये. कधीपासून कधीपर्यंत चालू, ते लिहावे. बदल झाला की त्याला फेरफारासारखा क्रमांक आणि तारीख असावी.

४. शेतकऱ्याने स्वतः न बदललेली कोणतीही चौकट आपोआप बदलू नये.

५. प्रत्येक यादीच्या खाली ‘यादीत नाही’ असा पर्याय असावा. तो निवडला की आपले खरे नाव लिहिता यावे आणि तक्रार क्रमांक मिळावा. असे अर्ज कोणी अधिकाऱ्याने ठरल्या मुदतीत वाचावेत. ‘इतर’ या नावाची कचराकुंडी करून ठेवू नये. एकाच गावातून वीस जण ‘यादीत नाही’ म्हणत असतील तर चूक यादीची आहे, हे मान्य करावे.

६. ज्याचे गाव किंवा पीक यादीतच नव्हते त्याला शेवटची तारीख लागू करू नये. यादी दुरुस्त झाल्याच्या दिवसापासून त्याची मुदत मोजावी.

७. खरीप आणि रब्बी अर्ज सुरू होण्याआधी त्या मंडळाची पिकांची आणि गावांची यादी चावडीवर लावावी. ज्याला मतदार यादी पाहता येते त्याला ही यादीही पाहता येईल. चुका अर्जाआधी निघतील, दाव्यानंतर नव्हे.

यातली एकही मागणी जास्तीचा पैसा मागत नाही. अनुदान नको, नवे खाते नको, नवा कायदाही नको. जे दप्तर आहे ते नीट ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

आणि आपण काय करायचे? केंद्रातून उठण्याआधी पावती छापून घ्यायची आणि तिथेच वाचायची. गाव, गट, हंगाम, पीक, जिरायत की बागायत, बँक, शाखा, कोड. या आठ गोष्टी बोट ठेवून पाहायच्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला बरोबर न्यायचे. यादीत आपले नाव नसेल तर त्या पडद्याचा मोबाइलवर तारखेसकट फोटो काढून ठेवायचा आणि तालुक्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. पासबुक नवे झाले असेल तर जिथे जिथे जुना कोड दिला आहे तिथे आपणहून कळवायचे. आणि ‘जवळचं काहीतरी टाकतो’ याला होकार द्यायचा नाही. शेजाऱ्याच्या बांधावर आपण आपली खूण लावीत नाही, मग शेजारच्या ओळीवर आपला अंगठा कशाला लावायचा?

पेरणी करताना आपण तिफणीच्या चाड्यावर नजर ठेवतो. एक नळी तुंबली तर तास रिकामा जातो आणि ते उगवून येईपर्यंत कळत नाही. पडद्यावरची यादी ही अशीच नळी आहे. तुंबली की नाही हे पेरतानाच पाहायचे असते. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या शेवटच्या अर्जाची पावती बरोबर आणावी. आपल्या गावातल्या निदान पाच घरांच्या पावत्या तपासून याव्यात. कोणत्या यादीत काय चुकले, कोणत्या तारखेला, याचा कागद तालुकावार तयार झाला तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे तोंडी तक्रार नेण्याची गरज पडणार नाही. पुरावा आपल्याच हातात असेल.